अस्तर

पार्श्वसंगीत लक्षात आलं की फसलं, असं चित्रपटाच्या धंद्यात म्हणतात. मला हे कधी पूर्ण पटलं नाही, पण त्यामागचं दुखणं कळतं. गाणं लग्नात वाजतं, रिक्षात वाजतं, भेंड्यांत कामाला येतं. पार्श्वसंगीताच्या नशिबी यातलं काही नाही. ते कोटाच्या अस्तरासारखं. कोट अंगावर नीट बसतो तो त्याच्यामुळे, पण अस्तराची तारीफ करणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

संगीतकार वनराज भाटियांनी जन्मभर हेच काम केलं, आणि त्याआधी त्यांनी घेतलेलं शिक्षण पाहिलं की थक्क व्हायला होतं. जन्म १९२७चा, मुंबईतल्या कच्छी कुटुंबातला. लहानपणी देवधर मास्तरांच्या शाळेत हिंदुस्थानी गाण्याचे धडे, म्हणजे ज्या शाळेत बेळगावकडचे कुमार गंधर्व घडले तीच ही शाळा. मग कोवळ्या वयात कधीतरी चायकोव्हस्कीचा पियानो कन्चेर्तो कानावर पडला आणि पोरगं पियानोकडे वळलं. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीत एम.ए. झाल्यावर लंडनची रॉयल अकॅडमी, तिथलं सुवर्णपदक, आणि त्यानंतर पॅरिसमध्ये पाच वर्षं नादिया बुलांजे यांच्याकडे. या बाईंच्या हाताखालून निम्मं विसावं शतक गेलं म्हणावं. अमेरिकेचे कोपलंड तिथले, अर्जेंटिनाचे पियाझोलाही तिथले. पियाझोला सिंफनीचे कागद घेऊन गेले होते आणि बाईंनी त्यांना त्यांच्या टँगोकडे परत पाठवलं, ही गोष्ट संगीताच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे.

भाटिया १९५९ मध्ये परत आले. सिंफनी लिहू शकणाऱ्या माणसाला त्या वेळच्या मुंबईने काय काम द्यावं? साड्यांची जाहिरात. शक्ति सिल्क साड्यांची. मधली पाच वर्षं दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवण्यात गेली खरी, पण पोट जाहिरातींवरच चाललं. सात हजारांहून जास्त जिंगल्स त्यांनी केल्या, असं सांगतात. धबधब्याखाली न्हाणारी लिरिल साबणाच्या जाहिरातीतली मुलगी ज्यांना आठवते त्यांना ती सूर गुणगुणतच आठवते. ते सूर भाटियांचे.

जिंगलला हलकं समजण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती कडक तालीम वाटते. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चौकटींनी धावते. तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे ७२० चौकटी, त्यापुढे एकही नाही. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर हाती साठ ठोके येतात, चार-चारच्या हिशेबाने पंधरा माप. एवढ्यात सुरुवात करायची, मन वेधायचं, डबीचं नाव यायच्या क्षणी बरोबर समेवर यायचं आणि थांबायचं. ख्याल गाणाऱ्याला ‘अजून थोडं’ ही चैन असते. इथे ती नाही. हा हिशेब ज्याच्या हातात बसला त्याला पुढे रडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर अकरा सेकंदांत काय वाजवायचं, हे शिकवावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना सोयीची होती. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो वाजवणारे बरेच वादक गोव्याचे. त्यांना स्वरलिपी वाचता यायची, पण संगीतकारांपैकी पुष्कळांना लिहिता यायची नाही. म्हणून मध्ये अरेंजर लागायचा, सेबॅस्टियन डिसूझांसारखा, आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेतरी कोपऱ्यात यायचं. भाटियांना या मध्यस्थाची गरज नव्हती. प्रत्येक वाद्याची ओळ ते स्वतः कागदावर मांडू शकत होते.

श्याम बेनेगलही जाहिरातींच्याच जगातले. १९७४ साली त्यांनी ‘अंकुर’ केला आणि संगीत भाटियांकडे दिलं. पुढची जोडी सर्वांना माहीत आहे. बेनेगलांच्या ‘मंथन’ला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले. त्याच्या शीर्षकगीतासाठी प्रीती सागर यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालं आणि तीच चाल पुढे अमूलच्या जाहिरातीत गेली. जाहिरातीतून चित्रपटात आलेल्या माणसाची चाल चित्रपटातून जाहिरातीत परतली, याची मला गंमत वाटते.

पण माझ्या लेखी त्यांचं सर्वांत हुशारीचं काम ‘भूमिका’. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून बेतलेला हा १९७७चा चित्रपट नटीच्या आयुष्याबरोबर हिंदी सिनेमाच्या दोन-तीन दशकांतून फिरतो, त्यामुळे त्यातली गाणी त्या-त्या काळची वाटायला हवी होती. भाटियांनी जुन्या चालींची नक्कल केली नाही. त्या काळाचे गळेच बोलावले. सरस्वती राणे गायल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही मुलगी स्वतः ‘रामराज्य’मध्ये गाऊन गेली होती. फिरोज दस्तूर गायले. सवाई गंधर्वांचे हे शिष्य लहानपणी, बोलपट नुकते सुरू झाले तेव्हा, पडद्यावर दिसले होते. त्यांच्या आवाजात तो काळ होताच, तो बनवावा लागला नाही. पॅरिसहून शिकून आलेल्या माणसाला किराणा घराण्याचा गळा नेमका कुठे लावायचा हे कळलं होतं, आणि मला वाटतं, बुलांजेबाईंच्या शिकवणीचा अर्थ तोच.

सगळंच जमलं असं नाही. त्यांच्या कित्येक गाण्यांना बुद्धीची दाद मिळते, पण ती ओठांवर राहत नाहीत. ‘अजूबा’, ‘दामिनी’सारख्या धंदेवाईक चित्रपटांचं पार्श्वसंगीतही त्यांनी केलं. भाडं द्यावं लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दूरदर्शनने त्यांना वेळ दिला. रविवारी सकाळी ‘भारत एक खोज’ सुरू झालं की माझे वडील शीर्षकसंगीत संपेपर्यंत चहाचा कप उचलत नसत. नेहरूंनी जे पुस्तक अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं, त्यावरच्या या मालिकेच्या त्रेपन्न भागांची सुरुवात ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताने व्हायची. हिंदी रूप वसंत देवांचं. सृष्टीआधी काय होतं हे देवांना तरी ठाऊक असेल का, अशी शंका घेणारं ते सूक्त भाटियांनी समूहस्वरात बांधलं. एकट्या गवयाच्या तोंडी ते प्रार्थना झालं असतं. समूहाच्या तोंडी ते कोडंच राहिलं, सगळ्यांना मिळून पडलेलं. त्याच सुमाराला, १९८८च्या जानेवारीत, गोविंद निहलानींचा ‘तमस’ आला. फाळणीच्या त्या कथेला गाण्यांचा आधार नव्हता. वर होती देवाला घातलेली एक हाक, हाक कसली, टाहोच. त्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढे पद्मश्री मिळाली, २०१२ मध्ये. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का करणारी कॉपीराइट कायद्यातली दुरुस्तीही त्याच वर्षीची. तोवर त्यांचं बहुतेक काम होऊन गेलं होतं. नव्वदी ओलांडल्यावर ते आर्थिक अडचणीत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. ७ मे २०२१ रोजी मुंबईत ते गेले.

ज्यासाठी ते एवढं शिकले होते ते लिहिणंही त्यांनी कधी सोडलं नाही. गिरीश कार्नाडांच्या नाटकावरून त्यांनी ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा लिहिला, त्याचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये झाले, पण न्यूयॉर्कमध्ये. सात हजार वेळा अर्ध्या-अर्ध्या मिनिटासाठी बोलावणाऱ्या शहराने त्यांना अख्ख्या संध्याकाळसाठी फारसं बोलावलं नाही, हे मला खटकतं. नरिमन पॉइंटला २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, सभागृह आहे, परदेशी संगीत ऐकायला येणारा श्रोताही आहे. त्या ऑर्केस्ट्राने एका मोसमात फक्त भाटियांचा कार्यक्रम ठेवावा: जिंगल नको, चित्रपट नको, नुसतं त्यांनी मैफलीसाठी लिहिलेलं संगीत. मी तिकीट काढून येईन, आणि ‘तमस’ पाहिलेला कुणीही येईल.