सरकारी खरेदी आणि खुलें माप

सरकार म्हणजे देशांतील मोठ्यांतलें मोठें गिऱ्हाईक. शाळेच्या बांकापासून इस्पितळांतील चादरीपर्यंत सर्व कांहीं त्यास विकत घ्यावें लागतें, आणि त्या खरेदीचा पैसा तुमच्याआमच्या करांतून येतो. म्हणून घरच्या कोठीचा हिशेब पाहणाऱ्या आमच्या वाचकांनीं या खरेदीच्या रीतीकडेहि अधूनमधून डोकावून पाहिलें तर तें अस्थानीं होणार नाहीं. हल्लीं ही खरेदी बव्हंशीं संगणकावर, इंटरनेटच्या द्वारें होते. आणि संगणक आला म्हणजे दार सर्वांस उघडें झालें, असा एक समज त्यामुळें पसरला आहे. आमच्या मतें तो निम्माच खरा आहे.

कांहीं वर्षांपूर्वी आमच्या वहिनींनीं शेजारच्या सात-आठ स्त्रियांना जमवून उशांचे अभ्रे व कापडी पिशव्या शिवण्याचें काम सुरू केलें. एका सरकारी कचेरीला अभ्रे हवे असल्याची निविदा निघाली. माल चोख, दर माफक, अनामत रकमेचीहि तजवीज झालेली. परंतु निविदा भरावयाची ती त्या कचेरीच्या संकेतस्थळावर, आणि तें स्थळ एका विशिष्ट कंपनीच्या जुन्या ब्राउझरखेरीज दुसऱ्या कशांतहि उघडेना. आमच्या घरच्या संगणकावर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली होती. तिच्यावर तो ब्राउझर चालतच नसे. डिजिटल सहीचें टोकन विकत आणलें, तर त्याला लागणारा प्रोग्रामहि दुसऱ्याच प्रणालीसाठीं केलेला निघाला. पुतण्यानें दोन रात्री जागून खटपट केली. तिसऱ्या दिवशीं दुपारीं मुदत संपली. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, शिवण वाईट म्हणून अभ्रे परत केले असते, तर आम्हीं निमूटपणें मान्य केलें असतें. पण ते कुणीं पाहिलेच नाहींत!”

येथें थोडें मागें गेलें पाहिजे. आपल्याकडे एके काळीं गांवोगांवचा शेर निराळा असे, आणि त्या गोंधळांत परगांवचा प्रामाणिक विक्रेताहि नागवला जाई. १९५६ सालीं वजनमापांचा कायदा झाला व ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें किलोग्रॅम रूढ झाला. किलोग्रॅम कोणा कंपनीच्या मालकीचा नाहीं. त्याची व्याख्या कोणींहि वाचावी. ती वापरल्याबद्दल कोणा मालकास मोल द्यावें लागत नाहीं. संगणकांनीं आपसांत कागद, आंकडे व सह्या कोणत्या रीतीनें पोंचवाव्या, याचेंहि असेंच माप ठरवावें लागतें. त्यास मानक म्हणतात. तें सर्वांस वाचावयास मिळालें व विनामूल्य वापरतां आलें म्हणजे तें खुलें. एखाद्या कंपनीनें तें आपल्या पेटींत कुलूपबंद ठेविलें, तर तिचें यंत्र घेतल्यावांचून दुसऱ्यास कचेरीच्या दारांत पाऊलहि टाकतां येत नाहीं. वहिनींच्या अभ्र्यांचें नेमकें हेंच झालें.

विशेष हें कीं, भारत सरकारनें या बाबतींत नोव्हेंबर २०१० मध्येंच धोरण जाहीर केलेलें आहे, आणि तें चांगलें आहे. मानकाचा मजकूर फुकट किंवा नाममात्र किंमतींत मिळावा. त्यांतील पेटंटांबद्दल मानकाच्या सबंध आयुष्यांत शुल्क पडूं नये. नफ्यासाठीं न चालणाऱ्या संस्थेनें, सर्व संबंधितांस भाग घेतां येईल अशा रीतीनें, तें सांभाळावें. आणि जेथें लागू असेल तेथें भारतीय भाषांची सोय त्यांत असावी, असें तें सांगतें. या अटी पुऱ्या करणारें मानक मिळतच नसेल, तर सवलतीची वाटहि ठेविली आहे. ती ठेवणें भागच होतें. पण आडवाटेनें वर्दळ वाढली कीं राजरस्त्यावर गवत उगवतें, हें घरोघरच्या सोवळ्याओवळ्याच्या इतिहासावरूनहि वाचकांस ठाऊक असेल!

९ ऑगस्ट २०१६ रोजीं केंद्र सरकारनें गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, संक्षेपानें ‘जेम’, ही बाजारपेठ उघडली. पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय हें जुनें खातें ३१ ऑक्टोबर २०१७ रोजीं बंद झालें, आणि जेमवर मिळणाऱ्या वस्तु केंद्रीय खात्यांनीं तेथूनच घ्याव्या असें २०१७ च्या वित्तीय नियमांनीं ठरविलें. यांत सोय आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. लहान विक्रेत्यासहि तेथें नांव नोंदवितां येतें. परंतु जेम ही एक मंडई आहे. गाळा हवा तर त्याच इमारतींत यावें लागतें. ३१ डिसेंबर २०२१ रोजीं स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ची कल्पना निराळी. तेथें इमारत नाहीं, बोलीचे नियम तेवढे आहेत. ‘बेकन’ नांवाच्या खुल्या नियमावलीप्रमाणें बोलणारें ग्राहकाचें ॲप एका कंपनीचें व विक्रेत्याचें दुसरीचें असलें, तरी व्यवहार होतो. ती सोय घरगुती गिऱ्हाइकांसाठीं निघाली. पण सरकारी खरेदीसहि तीच रीत लावावी, असें आम्हांस वाटतें. युरोपांत बिलांपुरतें असें केलेंच आहे. तेथें २०१४ च्या निर्देशान्वयें ठरलेल्या सामायिक नमुन्याचें इलेक्ट्रॉनिक बिल सरकारी कचेऱ्यांस स्वीकारावें लागतें. तें कोणाच्या प्रोग्रामनें बनविलें हा प्रश्नच उरत नाहीं.

शिवाय खरेदी आटोपली तरी तिचे कागद उरतात. करार, पावत्या, दरपत्रकें पुढें हिशेबतपासनिसास वाचतां आलीं पाहिजेत. कुलूपबंद रीतीनें लिहिलेल्या कागदांचें काय होतें, तें आमच्या घरीं पाहावें. १९९८ सालीं आमच्या काकांनीं घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर उतरविला, तो एका कंपनीच्या खाजगी फाँटमध्यें. युनिकोड या खुल्या मानकांत देवनागरीस १९९१ सालींच स्थान मिळालें होतें. परंतु काकांच्या संगणकापर्यंत तें पोंचलें नव्हतें. आज तो प्रोग्राम मिळत नाहीं, आणि फाइल उघडतां गोत्रप्रवरांच्या जागीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. पुतण्या आतां एकेका चिन्हाचें अक्षर ओळखून ती युनिकोडमध्यें आणीत आहे. जोडाक्षरें फार छळतात. तूर्त सहावी पिढी संपत आली आहे.