पाळीवरून

आमचे चिरंजीव गेली सहा वर्षे स्वित्झर्लंडात बर्न येथे नोकरीस आहेत. तेव्हा आम्ही उभयतांनी एकदा तिकडे जाऊन यावे, हे ओघानेच आले. नागपूरच्या आमच्या कॉलनीतील निम्मी मंडळी कोणत्या ना कोणत्या चिरंजीवांकडे जाऊन आली आहेत, आणि परत आल्यावर त्यांची छायाचित्रे पाहत चिवडा खाण्याचे काम आम्ही वर्षानुवर्षे इमानाने केले आहे. गेल्या साली आमची पाळी आली.

तिथली सगळी हकीकत सांगत बसत नाही. एकच सांगतो. एका रविवारी चिरंजीवांनी आम्हांला कांडरश्टेग नावाच्या गावी नेले. तिथून दोरीवर लोंबकळणाऱ्या पाळण्यातून वर जायचे. या पाळण्याला तिकडे गोंडोला म्हणतात. "यात आपले गोंड कुठून आले?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले आणि डोळे मिटून घेतले ते वर पोहोचल्यावरच उघडले. पण उघडले ते मिटेनात! समोर ओएशिनेनझे नावाचे तळे. समुद्रसपाटीपासून पंधराशे अठ्ठ्याहत्तर मीटर उंच, तिन्ही बाजूंनी सरळसोट कडे, कड्यांवर बर्फ, बर्फाचे पाणी धारांनी खाली उतरते आहे, आणि पाण्याचा रंग मोरपिसाच्या डोळ्यासारखा. फार पूर्वी डोंगराचा कडा कोसळून दरीचे तोंड बुजले आणि पाणी अडले, त्याचे हे तळे झाले. २००७ सालापासून ते जागतिक वारशाच्या यादीतही आहे. तळे सुंदर आहे, यात वाद नाही. मी अर्धा तास न बोलता बसलो होतो, आणि मला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळेल.

तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, असं तळं आपल्याकडे नाही."

मी म्हणालो, "नाही."

या एका शब्दाने मला पुढे बरेच दिवस झोपू दिले नाही. कारण माझे बालपणीचे निम्मे उन्हाळे आणि सगळ्या दिवाळ्या नवेगावबांधच्या तलावाखाली गेल्या आहेत. आजोबांचे तिथे शेत. त्यातले दोन एकर वाटण्या होत होत माझ्या वाट्यास आले, आणि तिशी ओलांडलेल्या माझ्या मुलाला मी तो तलाव एकदाही दाखवलेला नाही. सुट्टी आली की महाबळेश्वर, सुट्टी आली की उटी. नवेगावबांधला काय पाहायचे? तिथे तर धान पिकतो!

त्याच संध्याकाळी शेताचा विषय निघाला. चिरंजीवांचे म्हणणे सरळ होते. दोन एकर बटईने दिलेले, वर्षाकाठी चार पोती तांदूळ येतो, आपल्यापैकी कोणी तिथे राहणार नाही. विकून टाका आणि दर उन्हाळ्यात इकडे या. मला त्यात खोट काढता येईना. परत आल्यावर गोंदियाचा एक व्यापारी गिऱ्हाईक म्हणून मिळाला आणि भाद्रपदात व्यवहाराचे बोलणे करण्यासाठी आम्ही दोघे निघालो.

लहानपणी देवलगावच्या स्टेशनावर लहान गाडीतून उतरत असू. आता साकोली, कोहमारा अशी मोटार थेट जाते. जिल्हाही बदलला. आमच्या वेळी तो भंडारा होता, १ मे १९९९ पासून गोंदिया झाला. तलावाभोवतीचे रान १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना इथे राहिले, आणि त्यांच्या लेखणीमुळे इथले पक्षी पुण्यामुंबईच्या वाचकांच्या घरात गेले. आमच्या घरातही ती पुस्तके आहेत. वाचलीही होती. तरी मी "नाही" म्हणालोच.

गिऱ्हाईक दुपारी यायचे होते. आम्ही सकाळीच पाळीवर गेलो. पाळ म्हणजे तलावाचा बांध. वर चढेपर्यंत नुसता मातीचा उंचवटा दिसतो, आणि शेवटच्या पावलाला एकदम पाणी! सुमारे अकरा चौरस किलोमीटर पाणी. ते स्वित्झर्लंडातले तळे सगळे मिळून एक चौरस किलोमीटरच्या आसपास; म्हणजे त्याच्यासारखी दहा यात मावावीत. भोवती रानाने भरलेले डोंगर. त्यांतली सात शिखरे म्हणजे सात बहिणी. मध्ये मालडोंगरीचे बेट. बर्फ नव्हते, हे कबूल. ढग मात्र डोंगरांच्या कमरेपर्यंत उतरले होते आणि त्यांचे पांढरे प्रतिबिंब पाण्यात पडले होते. आमच्या सौभाग्यवती बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तुम्ही मला लग्न झाल्यावर का नाही दाखवलंत?"

याला उत्तर नव्हते.

हा तलाव कडा कोसळून झालेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पटेल कोहळी या माणसाने तो बांधला. डोंगरांमधल्या खिंडी हेरल्या, त्या मातीने बुजवल्या, आणि डोंगरांचेच कडे करून पाणी धरले. सात बहिणींनी त्याला हात दिला, असे लोक सांगतात. पुढे तो कोलासुर देव झाला. धरण बांधणाऱ्याला देव करणारे गाव मला अजून दुसरे आढळलेले नाही. या कोहळी लोकांना गोंड राजाने काशीहून आणले, अशी आख्यायिका आहे. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, अशी त्या राजवटीची रीत सांगतात. तलावांचा जिल्हा हे भंडाऱ्याचे नाव त्यातूनच झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि पाळीची माती वर्षाला कोणी टाकायची हा प्रश्न अनेक गावांत तेव्हापासून पडून राहिला.

आजोबा मला हाताला धरून पाळीवरून नेत आणि शब्द शिकवीत. पाणी सोडायचे दार ते तुडुम. जास्तीचे पाणी निघून जायची वाट ती सलांग. पाणी वाटून देणारा तो पाणकर. तुडुम या शब्दाला मी इतका हसलो होतो की आजोबाही शेवटी हसले.

आमचा बटईदार मागून आला. "कवा आलात जी? यंदा तलाव भरला जी. पानी मस्त हाये." मग त्याने आम्हांला दुसऱ्या बाजूला तोंड करायला लावले.

तो क्षण मी विसरणार नाही. तोवर आम्ही पाण्याकडे तोंड करून उभे होतो. वळलो, तर पाळीखाली क्षितिजापर्यंत धानाच्या बांध्या, धान निसवलेला, आणि वाऱ्याबरोबर त्यावरून लाट सरकत होती. मध्यंतरी पावसाने वीस दिवस ओढ दिली होती. तलावाचे पाणी सुटले म्हणून धान उभा राहिला, असे तो सांगत होता. पाणी इकडचे तिकडे गेले होते, एवढेच.

सौभाग्यवतींनी तलावाचे छायाचित्र चिरंजीवांना पाठवले. पाच मिनिटांत उत्तर आले, "सुंदर! पण यात आपलं शेत कुठं आहे?" त्यांना काय सांगावे? शेत त्या चित्रात येतच नाही. मी त्यांच्याकडून फोन घेतला, वळलो, आणि दुसरे काढून पाठवले.

दुपारी गिऱ्हाईक आले. भला गृहस्थ. त्यांना प्रवाशांसाठी दहा खोल्या बांधायच्या होत्या. शेतात उभे राहून त्यांनी पाळीकडे पाहिले आणि जरा नाराजीने म्हणाले, "काय आहे, इथून तळे दिसत नाही. मधे हा बांध येतो ना. त्यामुळे भाव थोडा कमी धरावा लागेल."

बटईदार पायाच्या अंगठ्याने माती उकरीत उभा होता. तो काही बोलला नाही.

मी म्हणालो, "यंदा राहू द्या."

"भाव वाढवून पाहिजे असेल तर तसे स्पष्ट सांगा," ते म्हणाले.

मी स्पष्ट सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांना ते पटले नाही. मलाही नीटसे मांडता आले नाही. बटईदाराच्या बायकोने तोवर चहा आणला होता. तो आम्ही सर्वांनी धुऱ्यावर बसून घेतला. डिसेंबरात चिरंजीव सुट्टीवर यायचे आहेत.