गोधडी आहे की नाही?

गोधडी नावाची वस्तू खरोखर असते का? जुन्या लुगड्यांचे थर, वर त्यातल्या त्यात धड पातळ आणि कडेपासून आत आत येत गेलेला धावदोरा. दोरा उसवला की हाती लुगडीच येतात. मग गोधडी होती कुठे?

प्रश्न रिकामटेकडा वाटेल, पण नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, तो बौद्धांशी भांडत शतकानुशतकं जागता ठेवला. बौद्ध म्हणत, आहे तो नुसता परमाणूंचा पुंजका. नैयायिक म्हणत, अवयवांहून निराळा अवयवी, म्हणजे त्यांची मिळून झालेली अखंड वस्तू, आहे. न्यायसूत्रातला त्यांचा एक दाखला मला फार आवडतो: एक टोक धरून ओढलं की सगळी वस्तू येते. थंडीत भावंडांबरोबर एका गोधडीत झोपलेल्या कोणालाही हे पटेल. गंमत म्हणजे भाष्यकार वात्स्यायनालाच तो दाखला पुरेसा वाटत नाही. लाखेने चिकटवलेल्या काटक्याही ओढल्या की एकत्रच येतात. त्यांचाही अवयवी मानायचा का? आपल्याच पक्षाची शिवण अशी उसवून पाहणारा वकील विरळा.

हल्ली असा वाद निघाला की विज्ञानाला साक्षीला बोलावतात. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने १९२७ साली एडिंबरोतल्या व्याख्यानांत आपल्यापुढे दोन टेबलं असल्याचं सांगितलं: एक रोजचं, भक्कम, दुसरं बहुतांशी पोकळी. खरं ते दुसरंच, असा त्याचा कौल. पण त्याच विज्ञानाला आणखी खोलात विचारलं तर साक्ष फिरते. एकटा न्यूट्रॉन सरासरी १५ मिनिटंही टिकत नाही. हेलियमच्या केंद्रकात मात्र तो बिनघोर नांदतो. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे असताना जेवढे भरतात, त्याहून एकत्र आल्यावर सुमारे पाऊण टक्का कमी भरतात. सूर्याच्या पोटात अशीच तूट ऊन होऊन बाहेर पडते. तिथे ‘चौघेच आहेत, पाचवं काही नाही’ हे म्हणणं मला तरी जड जातं.

लुगडी शिवल्याने मात्र कुठल्याही तराजूला कळेल असा फरक पडत नाही. गोधडीच्या खटल्यात भौतिकशास्त्र गप्पच. पीटर व्हॅन इनवॅगन या तत्त्वज्ञाने १९९० सालच्या पुस्तकात निकाल देऊन टाकला: मूलकण आहेत, सजीव आहेत, टेबल-खुर्च्या नाहीत. म्हणजे आजी आहे, गोधडी नाही. हे त्याने एखाद्या आजीला, तिच्या हातात सुई असताना, येऊन सांगावं.