डॉक्टरांच्या लेखणीतला डिटेक्टिव्ह

गेल्या हिवाळ्यात ह्यांच्या कामानिमित्त कोलकात्याला आठ दिवस राहणं झालं. एका दुपारी शेजारच्या बौदी, म्हणजे आपल्या वहिनी हो, मला कॉलेज स्ट्रीटला घेऊन गेल्या. जिकडे बघावं तिकडे पुस्तकांच्या टपऱ्या! बौदींनी एक जुनं पुस्तक उचललं. 'कालो भ्रमर', म्हणजे काळा भुंगा.

"लग्नाआधी हे लपवून वाचायचे मी," त्या हसून म्हणाल्या.

लेखक डॉ. नीहाररंजन गुप्त. जन्म १९११चा, आज बांगलादेशात असलेल्या इटना गावचा. डॉक्टरकी शिकले ती इथल्याच कारमायकेल कॉलेजात, आजच्या आर. जी. करमध्ये. दुसऱ्या महायुद्धात लष्करात डॉक्टर होते, पुढे त्वचारोगांचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेले. रोग्याच्या अंगावरच्या खुणा वाचणाऱ्या या माणसानं किरीटी रॉय हा डिटेक्टिव्ह घराघरांत नेला. १९८६ साली ते वारले.

आणि मैत्रिणींनो, सुचित्रा सेनचा 'ममता' (१९६६) बघून आपण पदर ओला केला ना? ती कथाही यांचीच! मुलीच्या भल्यासाठी तिच्यापासून दूर राहणारी आई त्यांनी रंगवली. रहस्य काही फक्त खुनाचंच नसतं.

बी.ए.ला असताना मीही कथा लिहायचे. आता घर आणि अर्धवेळ शाळा. "वेळ कुठाय?" हे माझं नेहमीचं पालुपद. दवाखाना सांभाळून लिहिणाऱ्या डॉक्टरांपुढे ते मलाच लटकं वाटलं. येताना त्याच रस्त्यावर एक कोरी वही घेतली. "हिशेबाला का?" ह्यांनी विचारलं.

"नाही," म्हटलं, "माझ्यासाठी."