देवाच्या दारी काढलेला फोटो

रावेर, सावदा, निंभोरा या पट्ट्यातल्या केळीवाल्या घरांत आमची पिढी वाढली, तेव्हा घरात फोटो दोनच निमित्तांनी निघायचे: लग्न आणि सण-यात्रा. लग्नाच्या फोटोंत आमच्या आज्या शोधूनही सापडत नाहीत. त्या चुलाण्यापाशी असायच्या, नाहीतर फोटोवाला आला की पदर ओढून पाठमोऱ्या व्हायच्या. यात्रेच्या फोटोंत मात्र त्या आहेत. समोर उभ्या, डोक्यावरून पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नजर थेट भिंगात.

फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्या बायका मनापासून मानायच्या. घराच्या ओट्यावर कुणी कॅमेरा काढला तर मोठी माय, म्हणजे आमची आजी, दार लावून घ्यायची. तीच मोठी माय चांगदेवच्या संगमावर स्वतःहून पुढे येऊन उभी राहिली. आम्ही विचारलं, तर म्हणाली, ‘‘देवाच्या दारी काढलेला फोटो बाधत नाही.’’ खानदेशातल्या कितीतरी घरांत आजीचा चेहरा आज शिल्लक आहे तो या समजुतीमुळे.

महाशिवरात्रीला चांगदेवला जायचं हे ठरलेलंच होतं. तापी आणि पूर्णा यांचा संगम, काळ्या दगडाचं ते प्राचीन शिवालय, आणि तिथून जवळच कोथळीला मुक्ताईचं देऊळ. चांगदेव आणि मुक्ताई, योगी शिष्य आणि त्याची वयाने कितीतरी लहान गुरू, यांची देवळं अशी शेजारी असावीत, आणि दोघांच्या यात्रा माघात एकमेकींना लागून भराव्यात, याचं आम्हाला लहानपणी काही वाटायचं नाही. आता वाटतं. बैलगाडीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची कळशी, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्या गळ्यात बडोद्याला बनणारा आग्फाचा क्लिक थ्री. एका रोलात बाराच फोटो. एक उन्हाची खूण, एक ढगाची. बाकी कॅमेऱ्यात फिरवायचं फारसं काही नव्हतं.

या साध्या यंत्रानेच आमच्या अल्बमांना त्यांचं रूप दिलं. त्याचा पडदा सावकाश उघडायचा, त्यामुळे हलणारं काहीच नीट यायचं नाही. रावेरच्या दत्तमंदिराचा रथ मार्गशीर्षात दत्तजयंतीनंतर निघतो. गल्लीच्या वळणावर तो कलतो, चाकाखाली मोगरी लावणाऱ्या माणसांचा जीव त्या एका क्षणात असतो, दत्तनामाचा गजर, रेवड्यांची दुकानं, घराघरांपुढे रांगोळ्या. यातलं काही आमच्या फोटोंत नाही. रथ धुरकट डाग होऊन गेलाय. आहे ती रथ निघण्याआधी त्याच्या चाकाशी उभी केलेली मंडळी: काका, काकू, दोन चुलत बहिणी आणि शेजारच्यांचं एक रडकं मूल. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी हवा, हा नियम सगळ्यांना पाठ होता, म्हणून सगळ्यांचे डोळे बारीक झालेले. मला ती ताठ उभी माणसं आवडतात. उत्सवाची हालचाल पुढे पुष्कळांनी पुष्कळ चांगली टिपली. उत्सवाला कोण कोण आलं होतं, हे मात्र याच फोटोंनी राखलं.

रोल बारा फोटोंचा, म्हणून तो एका सणात संपवायचा नाही. सुरुवात शिवरात्रीला, मधले तीन-चार आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावरच्या माहेरवाशिणींचे, आणि शेवटचे श्रावणात कानबाईला ठेवलेले. कानबाईला मुंबई, सुरत, पुणे सगळीकडून भाऊबंदकी घरी येते, रोट सगळ्यांनी मिळून खायचे असतात, त्यामुळे अख्खं कूळ एका चौकटीत सापडण्याचा तोच दिवस. नारळाला डोळे, नथ, चुनरी लावून कानबाई बसवायची आणि सकाळी नदीला पोचवायला निघण्याआधी तिच्याभोवती सगळ्यांनी दाटीने बसायचं. मग तो रोल धुवायला जायचा आणि वर्षभराचे देव एकदम घरी यायचे.

पंढरपूरची गोष्ट वेगळी. रावेरहून भुसावळ, पुढे मनमाड, दौंड, कुर्डुवाडी आणि तिथून छोटी गाडी, असा तो प्रवास. गाभाऱ्यात कॅमेरा नेता येत नसे, आणि बाहेर फोटोच्या दुकानांत विठ्ठल-रखुमाई पडद्यावर रंगवून तयार असायचे. त्या पडद्यापुढे आजी-आजोबा उभे राहिले. आयुष्यभर चारचौघांत कधी शेजारी न बसलेली ती दोघं तिथे खांद्याला खांदा लावून आहेत, कारण चौकट लहान होती आणि फोटोवाल्याने ‘‘जवळ या’’ म्हटलं. फक्त त्या दोघांचा फोटो घरात तेवढाच आहे.

पुढे आजी गेली, तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. यात्रेतल्या फोटोतूनच तिचा चेहरा मोठा करून घेतला. खानदेशातल्या कितीतरी घरांत असंच झालं आहे. स्टुडिओतल्या कारागिराने शेजारची माणसं ब्रशने पुसली, मागचं देऊळ करड्या रंगाने झाकलं. हार घातलेल्या आमच्या मोठ्या मायच्या फोटोत खांद्यावर चार बोटं राहून गेली आहेत. ती फुईची, म्हणजे आत्याची. दोघी संगमावर अंघोळ करून नुकत्याच वर आल्या होत्या.

या फोटोंतून नदीही वाचता येते. संगमाच्या खालच्या अंगाला हतनूरचं धरण झालं, तसा पाण्याचा फुगवटा वर पसरत गेला. ज्या फोटोत वाळूवर बैलगाड्या सोडलेल्या दिसतात तो धरणाआधीचा, आणि जिथे पाणी पायऱ्यांशी आलंय तो नंतरचा. मागे तारीख लिहायची सवय कुणालाच नव्हती, तेव्हा आम्ही पाण्यावरूनच फोटोंची वर्षं लावतो.

वारीची मोठी छायाचित्रपुस्तकं आम्ही पुढे पाहिली. संदेश भंडारे यांचं ‘वारी : एक आनंदयात्रा’ त्यांतलं मला सगळ्यांत जवळचं, कारण त्यात माणसांकडे माणूस म्हणून पाहिलंय. पण कॅमेरे बहुतेक आळंदी-देहूच्या वाटेवर जमतात. आमच्या मुक्ताईची पालखी तापीकाठाहून निघते, महिनाभराहून अधिक चालते, बीडला आजोबा गोविंदपंतांच्या समाधीपाशी थांबते, आणि पंढरीत भावांकडून तिला साडीचोळी होते. लेकीचं माहेरपण करणारी ही वारी. तिच्याबरोबर चाललेल्या रावेर-मुक्ताईनगरकडच्या बायांचे चेहरे त्यांच्या घरच्या अल्बमांतच मिळतील, आणि ते अल्बम आता चिकटलेत, कोपरे निघालेत, काहींना ओल लागली आहे.

म्हणून आम्ही चुलत-मावस भावंडांनी काम वाटून घेतलंय. एकजण अल्बमातून फोटो काढून सपाट ठेवतो, दुसरी स्कॅन करते, आणि ज्यांना चेहरे ओळखता येतात अशा मावश्या-माम्यांना ते मोबाइलवर मोठे करून दाखवायचे. त्या सांगतील ते नाव आणि सासर-माहेर दोन्ही पेन्सिलीने मागे लिहायचं. नुसतं सासर लिहून भागत नाही. निंभोऱ्यात दिलेल्या एकाच नावाच्या कितीतरी जणी निघतात. गेल्या शिवरात्रीला नातसून चांगदेवहून फोनवर ढीगभर फोटो घेऊन आली, तर काकूंनी त्यातले दोन निवडले आणि ‘‘हे कागदावर काढून आण, एक पोरीला दे,’’ म्हणून बजावलं. तेही मागे नावं लिहून अल्बमात गेले. मोठ्या मायच्या मूळ फोटोत, फुईच्या पलीकडे, अजून दोन बाया ओळखायच्या राहिल्या आहेत. त्यातल्या एकीच्या हातात पाटल्या आहेत आणि कडेवर मूल. फोटो सावद्याच्या मामींकडे पाठवलाय.