डाळजची वाट आणि हनुवटीवरची लव

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलात आणि भिगवण मागे पडलं, की डाव्या हाताला उसाच्या फडांमधून पाण्याची चकाकी दिसायला लागते. हे उजनी धरणाचं मागचं पाणी. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि नदीकाठचे मळे, घरं, देवळं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं म्हणजे अजूनही वर येतं, आणि मग लोक मुद्दाम बघायला जातात. भिगवण आणि पळसदेव यांच्या मध्ये डाळज लागतं. गाव एक म्हणावं तर तीन आहेत. डाळज नंबर एक, नंबर दोन आणि नंबर तीन. तेव्हा कोणाकडे जाणार असाल तर नंबर आधी विचारून घ्या, नाहीतर पिशव्या सांभाळत उन्हातान्हात पायपीट ठरलेली!

बाहेरची मंडळी इकडे येतात ती बहुधा पाखरांसाठी. थंडीत कुंभारगावला, डिकसळला होडीत बसून रोहित पक्ष्यांचे थवे बघता येतात. गुलाबी पंखांची ती रांग उडाली म्हणजे बोलणंच थांबतं. येताना भिगवणच्या बाजारातून ताजी चिलापी घ्यायची, असा सगळ्यांचा बेत. आमचाही तोच होता. माझी चुलतबहीण डाळजला दिलेली आहे, तिच्याकडे दोन दिवस मुक्काम होता. पण तुम्हांला सांगायचं आहे ते पाखरांचं नाही. ओट्यावर शेंगा फोडता फोडता जे बोलणं निघालं, त्याचं आहे.

बहिणीची मुलगी तेवीस वर्षांची, शिकलेली, नाकीडोळी नीटस. तिला बघायला पाहुणे यायचे होते. पोरगी माझ्याशी बोलताना ओढणी सारखी हनुवटीवर घेत होती. मला वाटलं, दात दुखतो की काय! रात्री अंथरुणावर पडल्यावर हळूच म्हणाली, "मावशी, मी भावाच्या रेझरनं दाढी करते. घरात कुणालाच माहीत नाही." एवढं बोलली आणि रडायलाच लागली. तीन वर्षं ही मुलगी पहाटे सगळ्यांच्या आधी उठत होती, ती केवळ त्यासाठी.

तुमच्यापैकी कितीजणींनी हे असं एकटीनं सोसलं असेल! केसांच्या वेणीबद्दल आपण तासभर बोलू, पण ओठावरच्या, हनुवटीवरच्या, पोटावरच्या केसांबद्दल सख्ख्या बहिणीशीही बोलत नाही. खरं तर तळहात, तळपाय आणि ओठ सोडले, तर माणसाच्या जवळजवळ सगळ्या अंगावर केस असतात. कोणाचे मऊ, फिकट, न दिसणारे, तर कोणाचे दाट आणि काळे. पुष्कळदा तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला वारसा असतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ बायकांचे केस काळे, म्हणून ते दिसतातही जास्त. यात अस्वच्छता नाही आणि पाप तर नाहीच नाही. ते काढलेच पाहिजेत असंही नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मीच विषय काढला, मुलीचं नाव न घेता. मग काय विचारता! एकेकीचे उपाय बाहेर पडले. एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी दाई बाळाला कणकेच्या गोळ्यानं चोळायची, मग केस येतच नसायचे." आजींपुढे बोलायचं नाही म्हणून मी गप्प बसले, पण तुम्हांला सांगते, बाळाच्या अंगावरची जन्माची लव काही आठवड्यांत आपोआप झडते, आणि श्रेय मिळतं कणकेला. बाळाची कातडी मात्र उगाच सोलवटते. हळद-डाळीच्या पिठाच्या उटण्याचंही तेच. उटणं जरूर लावा, अंग छान मऊ होतं. चोळताना चार केस तुटतील, पण मूळ जिथल्या तिथे राहतं.

दुसरी म्हणाली, "रेझर लावला की केस राठ येतात." हा समज तर घराघरांत आहे. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी याची तपासणी केली, त्यांचा अहवाल १९२८ साली प्रसिद्ध झाला. केस कापल्यानं तो जाड होत नाही, वाढतही नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट, म्हणून हाताला टोचतं, इतकंच. आमच्या पोरीनं तीन वर्षं जे केलं, त्यानं तिचं काही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं असेल ते भीतीनं. रेझर मात्र स्वतःचा वेगळा ठेवावा, कातडी ओली करून घ्यावी आणि केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं हलक्या हातानं फिरवावा.

आता बाकीच्या उपायांकडे वळू. हातापायांसाठी साखरेचं वॅक्स मला सगळ्यांत पसंत आहे, आणि उसाच्या या मुलखात साखरेला काय तोटा? दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी मंद आचेवर ठेवायचं आणि ढवळत राहायचं. पाक गोळीबंद व्हायला आला, रंग मधासारखा झाला, की उतरवायचा. पाक पुढे गेला तर चिक्की होते, कच्चा राहिला तर नुसता चिकटतो. एकदोनदा फसेल, मग हात बसतो. पूर्ण कोमट होऊ द्या. उकळत्या पाकाचा चटका तेलाच्या चटक्याहून वाईट, कारण तो चिकटून बसतो. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. मग केसांच्या दिशेनं पातळ थर द्या, वर जुन्या सुती कापडाची पट्टी दाबा, कातडी ताणून धरा आणि उलट दिशेनं एका झटक्यात ओढा. केस गव्हाच्या दाण्याएवढे तरी वाढलेले हवेत, नाहीतर पकडत नाहीत. राहिलेला चिकटपणा कोमट पाण्यानं निघतो. चेहऱ्यावर हा घरचा प्रयोग नको. जखम, पुरळ, तीळ, मस, फुगलेल्या शिरा असतील तिथेही नको. मधुमेह असेल, किंवा मुरुमांसाठी डॉक्टरांची गोळी वा मलम चालू असेल, तर आधी विचारून घ्या. त्यांतल्या काही औषधांनी कातडी इतकी नाजूक होते की पट्टीबरोबर तीही निघते.

भुवया आणि ओठावरच्या लवेला दोरा चांगला. स्वस्त आहे, रसायन नाही. डोळ्यांत पाणी येतं खरं, पण दोन मिनिटांत काम होतं. दोरा नवा घ्यायला सांगा, आणि त्याचं टोक तोंडात धरणारी असेल तर मानेला बांधून कर म्हणावं. सांगायला संकोच कसला?

केस काढायच्या क्रीममध्ये केसाचं प्रथिन विरघळवणारं औषध असतं. आपली कातडीही त्याच जातीच्या प्रथिनाची, म्हणून ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभरही जास्त ठेवू नका. ब्लीचनं केस जात नाहीत, नुसता रंग उडतो. फिकट लवेला ठीक, हनुवटीच्या राठ केसाला काही उपयोगी नाही. क्रीम असो की ब्लीच, आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडं लावून बघायचंच. शेजारच्या एका सुनेला लग्नाच्या आदल्या दिवशी एका पार्लरमध्ये घाईनं ब्लीच केलं, आणि अक्षता पडताना बिचारीचे गाल बटाट्याच्या सालीसारखे सुटले होते. फोटो अजून कोणाला दाखवत नाही.

यानंतर एक गोष्ट निघाली ती ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला. दोघी-तिघी गोरं दिसण्यासाठी मेडिकलच्या दुकानातून एक मलम आणून वर्ष-वर्ष चेहऱ्याला चोळत होत्या. अशा कितीतरी मलमांत स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात आणि चेहऱ्यावर लव वाढते! म्हणजे गोरेपणाला गेलं आणि मिशी घेऊन आलं. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा सरकारचा नियम आहे, पण दुकानदार ओळखीचा असला की कोण विचारतो? तुमच्या कपाटात अशी ट्यूब असेल तर तिच्यावरचं बारीक अक्षर डॉक्टरांना दाखवा. फार दिवस लावत असाल तर एकदम बंद करूनही चेहरा भडकतो, म्हणून त्यांच्याच सल्ल्यानं सोडा.

'कायमचे केस घालवा' अशा पाट्या आता लहान शहरांतही लागल्या आहेत. इलेक्ट्रॉलिसिस ही जुनी पद्धत. अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये डोळ्यांत घुसणाऱ्या पापणीच्या केसांसाठी ती वापरल्याचं जाहीर केलं. एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून वीज सोडायची. केस काळा असो की पांढरा, मूळ मरतं. पण एकेक केस म्हटल्यावर किती वेळ लागेल ते बघा. हनुवटीवरच्या पाच-दहा केसांना बरी, पायांना नव्हे. लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग शोधतो, म्हणून पांढऱ्या केसांवर तो चालत नाही. पाळी गेल्यानंतर हनुवटीवर पांढरे केस आलेल्या बायकांनी त्यावर पैसे घालू नयेत. आपली कातडीही सावळी, तेव्हा यंत्र आणि हात दोन्ही बेताचे नसतील तर भाजून डाग पडतो. कातडीच्या डॉक्टरांकडेच जा, आधी लहानशा जागेवर करून बघायला सांगा. सहा-आठ वेळा तरी जावं लागतं. केस पुष्कळ कमी होतात, पण अजिबात येणार नाहीत असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर पर्स उघडू नका.

आणि केस अंगातल्याच बिघाडानं येत असतील, तर लेसरनं गेलेल्यांच्या जागी नवे उगवत राहतात. आमच्या पोरीला मी विचारलं, "पाळी वेळेवर येते का गं?" तर म्हणाली, "कधी दोन महिन्यांनी, कधी तीन." वजन वाढलेलं, मुरूम आलेले. आईला हे माहीत होतं, पण लग्न झालं की होईल सुरळीत, असं तिनं धरलं होतं. तुम्हीही धरलं असेल, कारण आपल्याला तसंच सांगितलेलं असतं. हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली राठ केस आणि पाळी अनियमित, ही जोडी दिसली की आधी डॉक्टर, मग पार्लर. बहुतेक वेळा हा पीसीओएस निघतो. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात बायकांची हकीकत लिहून तो जगापुढे मांडला. यात अंगात पुरुषी हार्मोन थोडं जास्त होतं. उपचार आहेत. वजन थोडं उतरलं तरी पाळीला फरक पडतो, गोळ्या असतात. पण केसांवरचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात. तोवर रेझर, दोरा काय ते चालू ठेवायला हरकत नाही. गोळ्या दुसरीच्या चिठ्ठीवर घेऊ नका. काही गोळ्या दिवस राहिले तर पोटातल्या बाळाला घातक ठरतात. आणि केस दोन-चार महिन्यांतच भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावर टक्कल पडू लागलं, तर एक दिवसही थांबू नका. क्वचित त्यामागे गाठ असते.

बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पाहुण्यांना कळलं तर?" मला राग आला, पण तिचंही काय चुकलं? बाईच्या केसांचा निर्णय बाईखेरीज सगळ्यांनी घ्यायचा, ही आपली जुनीच रीत. विधवांचं केशवपन करायला आम्ही जाणार नाही, असं १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं ठरवलं. म्हणजे वस्तरा धरणाऱ्यांना कळलं, तेव्हा घरातल्यांना कळत नव्हतं. मी बहिणीला एवढंच म्हटलं, "पाहुणे महिनाभर पुढे ढकल, डॉक्टर नको ढकलू."

तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं. भाऊजी बाहेर विड्याचं पान लावत सगळं ऐकत होते. म्हणाले, "सोमवारी मी नेतो बारामतीला." पोरीनं कान टवकारले, पण ओढणी काही खाली आली नाही.

डाळजहून बारामती गाठायची तर भिगवणला येऊन बारामतीची गाडी धरायची. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाल्यापासून तिथे तपासणीसाठी पुण्याला धावायची गरज पुष्कळ कमी झाली आहे. जाताना एका कागदावर गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, केस केव्हापासून आणि कुठे कुठे आले, कोणती औषधं आणि मलमं लावली, घरात आणखी कोणाला असे केस आहेत, हे लिहून न्या. डॉक्टरांसमोर निम्मं विसरायला होतं. आणि तपासणीच्या आधी आठवडाभर केस काढू नका, म्हणजे त्यांना खरं काय ते दिसेल. आमच्या पोरीला हे फार जड गेलं. ते दिवस तिनं मास्क लावून काढले, आणि सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्यावर स्वतःच्या हातानं काढला.