लेट

आमचं गाव झरी, परभणी-जिंतूर रस्त्यावर. मागच्या महिन्यात तिथे गेलो होतो. आजोबा गेले, त्यांच्या खात्यातले पैसे आजीच्या नावावर करायचे होते. बँकेचा अर्ज इंग्रजीत, आणि घरात 'इंजिनियर' मी एकटाच. म्हणजे फॉर्म भरणं माझ्याच गळ्यात!

मोठ्यानं वाचत भरत होतो. "लेट श्री..." म्हटलं तशी आजी चमकली.

"लेट कामून लिवतो रे? तुझे आजोबा उभ्या जन्मात कुठं लेट पोचले न्हाईत. एसटीच्या आधी फाट्यावर उभे राहायचे."

आधी हसू आलं. मग नाही आलं.

पुण्याला परतल्यावर शनिवारी डिक्शनरी उघडली. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता सावकाश, सुस्त. उशिरा येणं त्यातूनच आलं. 'अलीकडचा' हा अर्थ नंतरचा. 'ऑफ लेट' म्हणतो ना, तोच. गेलेल्या माणसाला लेट म्हणतात ते या अर्थानं, कालपरवापर्यंत होता तो. म्हणून कुणी 'लेट शेक्सपियर' म्हणत नाही. आपण मात्र पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्यालाही बिनधास्त 'लेट श्री' लावतो, 'कै.'चं भाषांतर म्हणून. खरं तर 'कै.' माणूस कुठे गेला ते सांगतं, आणि 'लेट' तो नुकताच इथे होता ते.

गंमत म्हणजे 'लेटेस्ट' मोबाईलमधला लेटेस्ट आणि 'लास्ट', दोन्ही याच शब्दाची पोरं. सगळ्यात नवा आणि सगळ्यात शेवटचा, सख्खे भाऊ!

आजोबांचा लास्ट फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "कधी येतोस?" "रिलीज आहे आजोबा, थोडं लेट होईल. पुढच्या वीकेंडला नक्की." त्या वीकेंडला गाडी परभणीला अगदी टायमावर पोचली. आजोबा पहाटेच गेले होते.

काल आजीला फोनवर सांगितलं, "आजी, त्या लेटचा अर्थ उशीर नाही गं. आत्ताआत्तापर्यंत होते, असा आहे."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मंग राहू दे तसंच. बरोबर हाय."

असो. पुढच्या शनिवारी झरीला जातोय. रिलीज आहेच, पण या वेळी लेट होऊ दे त्याला.